हलत्या आकृतींतलें गणित

गणिताच्या पाठांचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत कशाला, असा प्रश्न कांहीं वाचक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, शिकविणें ही देखील एक वाङ्मयीन कला आहे. अवघड विषय कोणत्या क्रमानें मांडावा, कोठें थांबावें, वाचकाला स्वतः किती करूं द्यावें, हे प्रश्न निबंधकाराला पडतात तितकेच गणितलेखकालाहि पडतात. अलीकडे संगणकाच्या पडद्यावर पाठाचा एक नवा प्रकार रूढ झाला आहे. त्यांत मजकुराच्या जोडीला असलेली आकृति स्थिर नसते. वाचकानें कळ सरकविली कीं ती बदलते. ध्वनि, चित्र, हृदयाचे ठोके अशा सतत बदलणाऱ्या राशींना सिग्नल म्हणतात, आणि त्यांचें पृथक्करण करणाऱ्या गणितावर असे पाठ विशेष उत्साहानें लिहिले गेले आहेत. जॅक शेडलर यांचें ‘सीइंग सर्कल्स, साइन्स अँड सिग्नल्स’ हें त्यांतलें एक नमुनेदार काम. ॲलन डाउनी यांचें २०१६ सालचें ‘थिंक डीएसपी’ हें दुसरें. ह्या दोहोंच्या निमित्तानें ह्या पद्धतीचे गुणदोष पाहण्याचा आमचा विचार आहे.

विषयाचें मूळ फूर्ये ह्या फ्रेंच गणितज्ञाच्या एका धाडसी विधानांत आहे. उष्णता पदार्थांतून कशी पसरते ह्याचा विचार करतां करतां त्यानें १८०७ सालीं पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें असें मांडलें कीं, कसलाहि वेडावाकडा वक्र साध्या साइन-तरंगांची बेरीज म्हणून लिहितां येतो. परीक्षकांपैकीं लाग्रांज ह्यांस तें पटलें नाहीं. फूर्येचा ग्रंथ बाहेर पडावयास १८२२ साल उजाडलें, आणि तें विधान कोणत्या अटींवर खरें ठरतें ह्याची काटेकोर सिद्धता डिरिक्ले ह्यांनीं १८२९ सालीं दिली. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली असतां तिच्यांतून गांधारहि ऐकूं येतो, हें आपल्या गवयांना ठाऊकच आहे. एका स्वराच्या पोटांत अनेक स्वर असतात हा कानाचा अनुभव. त्याचेंच गणिती रूप फूर्येच्या विधानांत आहे.

परंतु नेहमींचें पाठ्यपुस्तक उघडावें तों पहिल्याच पानांवर संमिश्र संख्या, अनंत बेरजा आणि समाकलनाचीं चिन्हें विद्यार्थ्यापुढें उभीं राहतात. सूत्र पाठ होतें, परीक्षाहि उतरते; पण त्या सूत्रांत नक्की काय चाललें आहे हें बहुतेकांना कळत नाहीं. नव्या पाठांची खरी कामगिरी ह्या ठिकाणीं आहे. शेडलर त्रिकोणमिति वर्तुळाच्या आधारें समजावितात. वर्तुळावर बिंदु फिरतो, त्याची उंची काळाच्या ओघांत मांडली कीं साइन-तरंग उमटतो. हें एकदां डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे त्रिकोणमितीचें सूत्र परकें वाटत नाहीं. पुढची पायरी अधिक महत्त्वाची. दिलेल्या सिग्नलमध्यें अमुक एक कंपन आहे कीं नाहीं हें कसें ओळखावें? सिग्नलचा त्या कंपनाशीं बिंदूमागून बिंदु असा गुणाकार करावयाचा आणि सर्व गुणाकारांची बेरीज घ्यावयाची. दोघांचा मेळ असेल तर बेरीज मोठी येते, नसेल तर वरखालचे भाग एकमेकांना खाऊन टाकतात. फूर्येच्या रूपांतराचें सारें मर्म एवढेंच आहे. आणि कळ सरकवितां सरकवितां ती बेरीज फुगतांना व मावळतांना पाहिली, म्हणजे तें मर्म मनांत कायमचें बसतें.

डाउनी ह्यांची वाट निराळी. ते विद्यार्थ्याच्या हातीं आधीं ध्वनि आणि संगणकाच्या चार ओळी देतात. तो ऐकतो, मोडतो, जोडतो, आणि संमिश्र संख्यांची खरी गांठ त्याला सातव्या प्रकरणांत पडते. शुद्ध गणिताच्या अभिमान्यांना ही उलटी गंगा वाटेल. आम्हांस ती योग्य वाटते. मुलाला व्याकरण शिकविण्यापूर्वीं आपण बोलूं देतों, तसेंच हें आहे.

इतकी स्तुति केल्यावर दोषांकडे वळणें प्राप्त आहे. पहिला दोष असा कीं, कळ सरकविणारा विद्यार्थी आपण प्रयोग करीत आहों असें समजतो. पण कोणती राशि बदलावयाची हें लेखकानें आधींच ठरवून ठेविलेलें असतें. प्रश्न लेखकाचा, उत्तर आकृतीचें, विद्यार्थ्याचें केवळ बोट! प्रयोगाचा प्राण आधीं बांधलेल्या अटकळींत असतो, आणि ही अटकळ बांधण्यास विद्यार्थ्याला कोणी थांबवीतच नाहीं. आकृति हलली, डोळे सुखावले, तो पुढच्या पानावर गेला.

उदाहरणच घेऊं. ठराविक अंतरानें नमुने घेतले असतां वेगवान् कंपन संथ कंपनाचें सोंग घेऊन येतें, ही ह्या विषयांतली सुप्रसिद्ध फसगत आहे. सिनेमांत गाडीचें चाक उलटें फिरतांना दिसतें तें ह्याच कारणानें. आणि ध्वनीच्या तबकडीवर, म्हणजे सीडीवर, सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात तेहि ही फसगत कानाच्या मर्यादेपलीकडे ठेवण्यासाठींच. हलत्या आकृतींत हें सोंग मोठें मनोहर दिसतें. पण तें कां घडतें? एक आवर्तन पुरें करणाऱ्या कोसाइन-तरंगाचे समान अंतरावर चार नमुने घ्या: १, ०, −१, ०. आतां तेवढ्याच काळांत तीन आवर्तनें करणाऱ्या तरंगाचे चार नमुने काढा: पुन्हां १, ०, −१, ०. दोन तरंग निराळे, पण नमुने अक्षरशः एकच. मग पुढचें कोणतेंहि गणित त्यांना वेगळे कसें करणार? चार आंकड्यांचें हें काम पेन्सिलीनें दोन मिनिटांत होतें, आणि आकृतीनें जें दाखविलें त्याचें अपरिहार्यत्व तेथें कळतें. आकृति ‘असें होतें’ इतकें सांगते. ‘असेंच झालें पाहिजे’ हें सांगण्याची शक्ति तिच्यांत नाहीं.

दुसरा दोष अधिक खोल आहे. डोळा केव्हां केव्हां खोटी साक्ष देतो. −१ वरून +१ वर एकदम उडी घेणारा चौकोनी तरंग साइन-तरंगांच्या बेरजेनें बांधीत गेलें, तर उडीच्या जागीं एक शिखर वर निघतें. तें उडीच्या सुमारें नऊ टक्के असतें, म्हणजे १ च्या ऐवजीं जवळजवळ १.१८ पर्यंत पोंचतें. पदें वाढविलीं कीं शिखर अरुंद होतें, उडीच्या जवळ सरकतें. परंतु त्याची उंची त्या नऊ टक्क्यांखालीं उतरत नाहीं. विल्ब्रॅहॅम ह्यांनीं हें १८४८ सालीं दाखविलें होतें. तें विस्मृतींत गेलें आणि १८९९ सालीं गिब्ज ह्यांनीं तें पुन्हां मांडलें. आतां पडद्यावरची आकृति पाहा. ती काढणारा संगणकहि ठराविक बिंदूंवरच किंमती काढतो. शिखर त्या दोन बिंदूंमधल्या अंतराहून अरुंद झालें कीं तें चित्रांतून नाहींसें होऊं शकतें, आणि पाहणारा समाधानानें म्हणतो, ‘बरें झालें, दोष मिटला!’ दोष मिटलेला नसतो. पडद्याची दृष्टि संपलेली असते. नमुन्यांच्या फसगतीचा धडा देणारें साधनच त्या फसगतीला बळी पडावें, ह्याहून बोधप्रद गोष्ट कोणती?

एवढ्यावरून हे पाठ टाकाऊ आहेत असा निष्कर्ष जर कोणी काढील तर तो आमचा नव्हे. हातानें फिरवून गणित पाहण्याची हौस आजची नाहीं. मायकेलसन आणि स्ट्रॅटन ह्यांनीं १८९८ सालीं स्प्रिंगा व दांतेरी चाकें जोडून ऐशीं तरंगांची बेरीज कागदावर उमटविणारें यंत्र केलें होतें. तें वापरणाऱ्याला तरंगांचें माप स्वतः ठरवून यंत्रावर मांडावें लागे, आणि मगच दांडा फिरवावा लागे. त्या श्रमांतच विचाराला अवकाश होता. आजच्या आकृतीनें श्रम वांचविले, आणि त्यांबरोबर तो अवकाशहि नाहींसा केला.

म्हणून ह्या लेखकांपाशीं आमचें मागणें थोडें आहे. प्रत्येक हलत्या आकृतीपूर्वीं वाचकाला एक प्रश्न विचारावा आणि त्याचें उत्तर लिहिल्याखेरीज कळ सरकूं देऊं नये. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं चार आंकड्यांचें एखादें उदाहरण कागदावर सोडविण्यास द्यावें. आणि जेथें आकृतीची दृष्टि अपुरी पडते तेथें तसें स्पष्ट सांगावें. त्यानें पाठाची प्रतिष्ठा कमी न होतां वाढेल. फूर्येनें जें पाहिलें तें लाग्रांजला पटण्याजोगें नव्हतें, आणि डिरिक्लेनें सिद्ध करीपर्यंत वीसबावीस वर्षें गेलीं. पाहणें आणि सिद्ध करणें ह्यांमधलें तें अंतर प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः चालावें लागतें. नव्या पाठांनीं त्याला त्या वाटेच्या तोंडाशीं आजवर कधीं नव्हे इतक्या सुखानें आणून सोडलें आहे. पुढें वाट आहे हें मात्र त्यांनीं त्याच्यापासून लपवूं नये.