‘उत्तररामचरिता’तील अरण्य आणि शोक : तिसऱ्या अंकाच्या संदर्भात

भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ या सात अंकी नाटकाची चर्चा आपल्याकडे बहुधा करुणरसाच्या अंगाने होते. विदर्भातील पद्मपूरच्या या नाटककाराने तिसऱ्या अंकात तमसेच्या मुखी करुण हाच एक रस असल्याचे विधान घातले आहे, आणि वर्गात आपण बहुतेक त्या विधानापाशीच थांबतो. प्रस्तुत लेखात याच अंकातील अरण्याच्या बारीकसारीक तपशिलांचा विचार केला आहे. शोकग्रस्त रामाला पंचवटीत जो थोडासा दिलासा लाभतो, तो वनश्रीच्या सौंदर्यातून नव्हे, तर सीतेच्या हाताची खूण बाळगणाऱ्या किरकोळ गोष्टींतून लाभतो, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

सीतात्यागाला 12 वर्षे लोटली आहेत. राम या वनात येतो तो शंबूकाच्या वधासाठी, सांत्वनासाठी नव्हे. दुसऱ्या अंकातील दंडकारण्याच्या रमणीय वर्णनाचा मोठा वाटा त्या वधानंतर दिव्यरूप पावलेल्या शंबूकाच्याच तोंडी आहे. रसचर्चेत ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. ओघ होता तेथे आता वाळवंट आहे, झाडांची दाटी विरळ झाली आहे. ओळख पटते ती केवळ पर्वतांमुळे. एवढ्या बदललेल्या वनात तिसऱ्या अंकातील तपशील येतात. सीतेने सल्लकीचे कोवळे शेंडे भरवून वाढविलेले हत्तीचे पिल्लू आता तरुण झाले असून आपल्या सहचरीवर कमळाच्या पानाचे छत्र धरते. तिने टाळ्यांच्या तालावर नाचविलेला मोर तिनेच वाढविलेल्या कदंबावर बसलेला आहे. मुके प्राणीही परिचय जपतात, याचे रामाला समाधान वाटते.

कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीया’च्या चौथ्या अंकाशी तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. तेथे उन्मत्त पुरूरवा मोराला, कोकिळेला, हंसाला उर्वशीचा ठावठिकाणा विचारत हिंडतो. भवभूतीचा राम वनाला काही विचारीत नाही; तो ओळखतो. भागीरथीच्या प्रभावाने अदृश्य असलेली सीताही तेच हत्तीचे पोर पाहते आणि तिच्या मनात येते, एवढ्या काळात कुश-लव केवढे झाले असतील! तिचा हा एक विचार मला रामाच्या वारंवार येणाऱ्या मूर्च्छांपेक्षा अधिक हेलावतो.

मात्र हा दिलासा टिकत नाही. वनदेवता वासंती केळीच्या बनातील शिळा दाखविते. तेथे बसून सीता हरणांना गवत घालीत असे, म्हणून हरणे ती जागा सोडीत नसत. रामाला त्या शिळेकडे पाहवत नाही. तो रडत दुसरीकडे बसतो. वासंती त्याला ‘महाराज’ म्हणते. या संबोधनातील परकेपणा रामाच्या लक्षात येतो. ज्या हातांनी ही झाडे-पाखरे वाढविली, त्या हातांचे तुम्ही काय केलेत, हा प्रश्न तिच्या दाखविण्यातच आहे. पुढे ती तो उघडपणे विचारते. सांत्वन करणारे तपशीलच येथे साक्षीदार होतात. असे का केलेत, या तिच्या प्रश्नाला रामाजवळ एवढेच उत्तर आहे की, लोकांना ते सहन झाले नाही.