शब्दखेळातला अंदाज : उत्तर की प्रश्न?

‘वर्डल’ हा इंग्रजी शब्दखेळ जॉश वॉर्डल यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला केला. जानेवारी २०२२ च्या अखेरीस तो ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विकत घेतला. रोज पाच अक्षरांचा एक शब्द दडवलेला असतो आणि तो सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. प्रत्येक प्रयत्नात एक खरा शब्द लिहायचा. अक्षर योग्य घरात असेल तर ते हिरवे होते, शब्दात असून दुसऱ्या घरात असेल तर पिवळे होते, आणि शब्दात नसेलच तर करडे. याच धर्तीचे खेळ पुढे मराठीसह अनेक भाषांत निघाले.

शब्दसंग्रह वाढावा म्हणून हा खेळ मुलांना द्यावा, असे कोणाही शिक्षकाला वाटेल. परंतु तो या खेळाचा दुय्यम गुण होय. त्याचे खरे मोल अंदाज कसा करावा हे शिकवण्यात आहे, आणि नेमके तेच खेळाच्या आजच्या मांडणीत झाकले जाते.

बहुतेक खेळाडू प्रत्येक प्रयत्नात उत्तरच शोधू पाहतात. ही सवय कशी महागात पडते ते पाहू. समजा, तीन अक्षरी शब्दाची शेवटची दोन अक्षरे ‘र’ आणि ‘ण’ आहेत असे कळले, आणि चरण, धरण, मरण, वरण, शरण, सरण, हरण हे सात शब्द शिल्लक आहेत. एकेक शब्द लिहीत गेल्यास सरासरी चार, आणि फारच दुर्दैव असेल तर सात प्रयत्न लागतील. त्याऐवजी ‘सचिव’ लिहून पाहा. (काना, मात्रा, वेलांटी सोडून केवळ व्यंजन जुळवायचे, असे येथे धरले आहे.) हे उत्तर असूच शकत नाही. पण स, च, व यांपैकी एक व्यंजन रंगले की उत्तर हाती आलेच. एकही रंगले नाही तर धरण, मरण, शरण, हरण हे चारच उरतात. मग ‘धमक’ लिहावे. ध रंगला तर धरण, म रंगला तर मरण, नाहीतर शरण किंवा हरण. आता जास्तीत जास्त चार प्रयत्न पुरतात आणि सरासरी तीनच्या खाली येते.

इंग्रजी खेळाचेही असेच आहे. मूळ यादीतील २,३१५ उत्तरांसाठी गणकयंत्राने काढलेली सर्वोत्तम सुरुवात ‘सॅलेट’ (एक जुने शिरस्त्राण) या शब्दाने होते. त्या पद्धतीने सरासरी ३.४२ प्रयत्न लागतात आणि पाचाहून अधिक कधीच लागत नाहीत. गंमत अशी की, ‘सॅलेट’ हा शब्द त्या उत्तरांच्या यादीतच नाही! क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या माहितीच्या गणिताचे सूत्र हेच आहे : अनिश्चितता जितकी घटते, तितकी माहिती मिळते.

हे वर्गात दाखवण्यासाठी मोबाइलची गरज नाही. देवरूखच्या शाळेत फळ्यावर जिल्ह्यातील चार अक्षरी गावांची नावे लिहावीत : रत्नागिरी, चिपळूण, देवरूख, राजापूर, गुहागर, साखरपा, आरवली, माखजन. शिक्षकांनी यांतील एक नाव मनात धरावे. पहिला अंदाज कोणता करावा? कोणतेही नाव बरोबर असण्याची शक्यता सारखीच, आठात एक. तरीही सर्व अंदाज सारख्या योग्यतेचे नाहीत. ‘चिपळूण’ म्हटले आणि एकही व्यंजन जुळले नाही, तर पाच नावे तशीच उरतात. ‘देवरूख’ म्हटले तर जास्तीत जास्त तीन उरतात : रत्नागिरी, राजापूर, गुहागर. ‘राजापूर’ म्हटले तर सात वेगवेगळ्या खुणा मिळू शकतात. फक्त देवरूख आणि आरवली यांची खूण एक येते, बाकी प्रत्येक नाव लगेच ओळखू येते. विद्यार्थ्यांनी हा तक्ता स्वतः करून पडताळावा.

येथेच मराठीचा एक प्रश्न उभा राहतो. अक्षर म्हणजे काय? इंग्रजीत एका घरात एक वर्ण बसतो. आपल्या ‘रत्नागिरी’त ‘त्ना’ हे एक अक्षर, पण त्यात दोन व्यंजने आणि एक स्वर. ‘रू’ आणि ‘र’ जुळले म्हणायचे की नाही? पूर्ण अक्षर जुळलेच पाहिजे असा नियम केला, तर ‘राजापूर’ या अंदाजाला सातऐवजी चारच खुणा मिळतात. गुहागर ओळखू येते, पण रत्नागिरी, साखरपा, आरवली यांचा एक गट उरतो आणि चिपळूण, देवरूख, माखजन यांचा दुसरा. अंदाज तोच, नियम बदलताच त्याची किंमत घटली. म्हणून इंग्रजी खेळाचा साचा उचलून केवळ लिपी बदलणे पुरेसे नाही. मराठीत असा खेळ रचताना व्यंजन जुळल्याची एक खूण आणि पूर्ण अक्षर जुळल्याची दुसरी खूण ठेवावी, हे अधिक योग्य.

मूळ खेळाच्या मांडणीतही दोष आहेत. त्यात एक ‘अवघड’ प्रकार आहे. मिळालेल्या खुणा पुढच्या शब्दात वापरल्याच पाहिजेत, अशी त्याची अट. म्हणजे वरच्या उदाहरणातला ‘सचिव’ तेथे निषिद्ध! खेळ अवघड होतो खरा, पण चांगला प्रश्न विचारण्याची वाट बंद करून. दुसरे असे की, मित्रांना दाखवायचे ते प्रयत्नांची संख्या आणि सलग किती दिवस जिंकलो याचा आकडा. दोन प्रयत्नांत जिंकलेला बहुधा नशीबवान असतो. चार प्रयत्नांत पोहोचलेल्याने कदाचित अधिक विचार केलेला असतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एप्रिल २०२२ मध्ये आणलेला ‘वर्डलबॉट’ कौशल्य आणि नशीब वेगवेगळे मोजतो, ही योग्य दुरुस्ती म्हटली पाहिजे. पण ती खेळ संपल्यावर मिळते, खेळताना नव्हे.

शिक्षकांना यातून घेण्यासारखे बरेच आहे. वर्गात चुकलेल्या उत्तरावर आपण फुली मारतो आणि पुढच्या मुलाकडे वळतो. या खेळात चुकलेला अंदाजही काही शक्यता बाद करून जातो. प्रयोगशाळेत अपेक्षेविरुद्ध आलेले निरीक्षण हेच काम करते. मात्र अंदाज विचारपूर्वक केलेला हवा. म्हणून फळ्यावरचा खेळ खेळताना एक नियम जरूर घालावा : अंदाज सांगण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत लिहावे, कोणती खूण आली तर कोणती नावे उरतील. गुण द्यायचे ते या लिहिलेल्या ओळींना. नाव कितव्या प्रयत्नात सापडले, याला गुण नाहीत.