गिरडच्या दगडांचे नभोरूपक

दिवाळीच्या अंकात परीक्षण यायचे ते एखाद्या गाजलेल्या कादंबरीचे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. मी मात्र आज ज्या कृतीविषयी लिहिणार आहे ती छापलेली नाही, गाजलेली नाही, आणि जेमतेम आठ मिनिटांची आहे. माझा एक जुना विद्यार्थी नभोवाणी आणि दूरचित्रवाणीच्या पत्रकारितेचे शिक्षण घेतो. परीक्षेसाठी त्याने आमच्या गिरडवर एक नभोरूपक तयार केले आणि “सर, ऐकून सांगा,” म्हणून मोबाइल माझ्या हाती दिला. मॅट्रिकपलीकडे माझे शिक्षण नाही. दोन-चार कादंबऱ्या आणि मुलांच्या निबंधाच्या वह्या, एवढेच माझे भांडवल. तरी पण ऐकायला बसलो.

ह्या मुलांचा दिनक्रम मोठा धावपळीचा असतो. सकाळी पाच मिनिटांचे बातमीपत्र लिहायचे व वाचायचे, दुपारी मुलाखतींसाठी हिंडायचे आणि रात्री संगणकावर कापाकापी करायची. आम्ही लेखक मंडळी खोडतो, ते कापतात. छापलेले वाक्य कळले नाही तर वाचक मागे जाऊ शकतो. कानावरून गेलेले वाक्य मात्र गेलेच. म्हणून त्यांची वाक्ये आखूड असतात. हा गुण माझ्या विद्यार्थ्याने चांगला उचलला आहे.

गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे हे वर्धा जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. हिंदू काय, मुसलमान काय, सारेच तिथे नवस बोलायला येतात. टेकडीवर गोलसर खडे सापडतात. व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या मालाचे दगड झाले, अशी त्यांची कथा आहे. रूपकाचा विषय हाच. आरंभी एस. टी. थांबते, कंडक्टरची घंटी होते, मग पायऱ्यांवरची पावले. इथे पंधरा सेकंद निवेदक एक शब्द बोलत नाही. हा भाग मला फार आवडला. एवढा संयम मला माझ्या पहिल्या कादंबरीत साधला नव्हता.

पुढे मात्र बिघडते. पायथ्याशी फुले विकणारी एक म्हातारी कथा सांगू लागते. दहा-बारा सेकंदांत तिचा आवाज खाली जातो, बासरी वाजू लागते, आणि उरलेली कथा आमचा विद्यार्थी शुद्ध पुस्तकी मराठीत सांगतो. मग शास्त्रीय खुलासा येतो : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचा खडक थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, पुढे गरम पाण्याबरोबर आलेली खनिजे त्या पोकळ्यांत साचली आणि हे गोळे तयार झाले. खुलासा बरोबर आहे. पण मांडणी अशी की एकीकडे अडाणी म्हातारी आणि दुसरीकडे विज्ञान. ऐकणाऱ्याने कोणाला हसावे हे ठरूनच गेलेले.

मला शंका आली. मी म्हटले, “मूळ मुलाखत ऐकव.” त्याने ती ऐकवली. कथा संपल्यावर ह्याने विचारले आहे, “आजी, हे खरं वाटते तुम्हाला?” म्हातारी हसते आणि म्हणते, “दगडच व्हय ते, बाप्पा. मले काय समजत नाही? पण गोष्ट तं सांगाच लागते. माह्या मायनं सांगतली, तशीच मी सांगतो.”

“हे का कापलेस?”

“सर, वेळ आठच मिनिटांचा. शिवाय बोली फार जड होती.”

वाचकहो, माझा सारा आक्षेप ह्या एका कात्रीवर आहे. रूपकात एकही खोटे वाक्य नाही, तरीही ते खोटे झाले. जिला कथा आणि दगड दोन्ही कळतात, ती बाई केवळ भोळी म्हणून उरली. कादंबरीत मी पात्राला बिघडवले तर नुकसान माझे एकट्याचे. इथे ती बाई उद्याही त्याच पायरीवर फुले विकायला बसणार आहे.

१९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला होता. आठवड्यातून दोनदा गावकरी रेडिओभोवती जमत, ऐकलेल्यावर चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे जाऊन त्यांना उत्तरे मिळत. गावाला कान आहेत तसे तोंडही आहे, हे त्या प्रयोगात धरून चालले होते. आज यंत्रे खिशात मावू लागली आहेत. ती जाणीव मात्र प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला नव्याने शिकावी लागते.

तो आधी रुसला. दोन दिवसांनी पुन्हा आला. बासरी गेली होती, त्याच्या निवेदनातली नऊ वाक्ये गेली होती, म्हातारी पूर्ण बोलत होती, आणि वेळ तोच, आठ मिनिटे. आम्ही दोघे पायथ्याशी गेलो आणि तिला ते ऐकवले. ती शेवटपर्यंत गंभीरपणे ऐकत होती. मग म्हणाली, “माहा आवाज एवढा मोटा हाय काय?” आणि त्याच्या हातावर प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

परीक्षेत गुण किती पडले ते अजून कळलेले नाही.