पाच वर्षांचा हिशेब आणि सहावं वर्ष

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, विंडोज घ्यावं की लिनक्स? शेवटी स्वस्त काय पडतं?" प्रश्न साधा वाटतो. पण 'स्वस्त' म्हणताना आपण काय काय मोजतो, ते आधी पाहू या.

इथे गांधीबागेत कापडाच्या ठोक व्यापाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. तागा किती रुपयांना पडला एवढ्यावर तो थांबत नाही. हमाली, गाडीभाडं, उधारीत अडकलेला पैसा, पडून राहिलेला माल, सगळं धरतो. संगणकाच्या बाबतीत गार्टनर या अमेरिकी संस्थेने 1987 मध्ये हाच विचार 'मालकीचा एकूण खर्च' या नावाने मांडला. यंत्राची किंमत हा खर्चाचा एक भाग. देखभाल, शिकवणी, काम बंद पडलेले तास हाही खर्चच. इथवर आमचं भांडण नाही.

भांडण पुढे आहे. 2002 मध्ये आयडीसी या संस्थेचा एक अहवाल आला. पाच प्रकारच्या कामांचा पाच वर्षांचा खर्च त्यात मांडला होता. चार कामांत विंडोज 2000 स्वस्त, वेब सर्व्हरच्या कामात तेवढं लिनक्स स्वस्त. अहवालाचा खर्च मायक्रोसॉफ्टने केला होता. पण पैसे कोणी दिले एवढ्यावरून निष्कर्ष फेटाळणं, हा तर्काचा आळस झाला. गृहीतं काय, ते पाहावं. त्या हिशेबात सर्वांत मोठा वाटा होता कर्मचाऱ्यांचा. अमेरिकेत तंत्रज्ञाच्या पगारापुढे परवान्याची किंमत किरकोळ ठरते; आपल्याकडे ते प्रमाणच वेगळं. आकडा खरा असेल, पण तो नागपूरचा नाही.

मग लिनक्स जिंकलं म्हणायचं का? तसंही नाही. बाजारातले कितीतरी हिशेब टॅलीवर चालतात आणि टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तेव्हापासून बिलं आणि विवरणपत्रं हे रोजचंच काम. मुनीमजींचा हात बसलेला आहे. फुकटची प्रणाली आणून त्यांना महिनाभर अडखळत ठेवलं, तर ती फुकट पडत नाही, बरं का! दुकानदाराने विंडोज ठेवलं तर तो अडाणी नव्हे, हिशेबी आहे.

पण दोन्ही बाजूंच्या हिशेबात एक रकाना बहुधा कोराच राहतो: सोडून जाण्याचा खर्च. तो पाच वर्षांत दिसत नाही, सहाव्या वर्षी समोर येतो. आमचंच सांगतो. नव्वदच्या दशकात आम्ही आमची टिपणं एका मराठी फॉन्टमध्ये टाइप केली. पुढे संगणक बदलला, ते सॉफ्टवेअर त्यावर चालेना, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली. त्या फॉन्टने इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रं बसवली होती. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून होती, पण आम्हाला ते माहीत नव्हतं. नागपूरचे दोन उन्हाळे पुन्हा टाइप करण्यात गेले. यंत्र आमचं, पैसे चुकते केलेले, आणि शब्द मात्र परक्याच्या कुलपात! ही मालकी कसली?

यात दोष विंडोजचा नव्हता. तोच मजकूर लिनक्सवर नेला असता तरी खिचडीच दिसली असती. उलट उदाहरणही आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. कितीतरी चालू यंत्रं विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. ज्याचं काम ब्राउझर आणि लेखनापुरतं आहे, त्याला अशा यंत्रावर लिनक्स खरोखरच स्वस्त पडेल.

म्हणून त्या श्रोत्याला आमचं उत्तर असं: किंमत विचारा, देखभाल विचारा, आणि घेतानाच तिसरा प्रश्न विचारा, "उद्या हे सोडायचं झालं, तर आमचा मजकूर आणि आमचे हिशेब बाहेर कसे न्यायचे?" विक्रेता गप्प बसला, तर तो खर्च आजच धरून ठेवा. दिवाळीला या बाजारात नव्या वहीची पूजा होते, पण म्हणून जुनी वही वाचता येईनाशी होत नाही. संगणकाकडून आपण निदान एवढी तरी अपेक्षा ठेवावी. आता तुमचे प्रश्न घेऊ.