दूधनाथ तिवारीचा जबाब

मराठी वाचकाच्या मनातलं काळं पाणी 'माझी जन्मठेप'नं घडवलेलं आहे. सेल्युलर जेल, कोलू, बारी. त्या आठवणी लिहिणाऱ्याच्या हाती, उशिरा का होईना, लेखणी होती. दूधनाथ तिवारीच्या हाती ती कधी आली नाही. त्याचं आयुष्य शोधायचं तर सरकारी कागदांतच शोधावं लागतं आणि तिथे त्याची पहिली ओळख क्रमांकाची आहे: २७६.

चौदाव्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीचा हा शिपाई. बंड आणि पलायन या गुन्ह्यांसाठी जन्मठेप होऊन एप्रिल १८५८ मध्ये तो अंदमानात पोचला. वसाहत जेमतेम महिन्याभराची होती. त्याच महिन्यात तो इतर कैद्यांबरोबर जंगलात पळाला. अंदमानी लोकांच्या बाणांतून त्या टोळीतले फार थोडे वाचले. जखमी तिवारीला मात्र त्यांनी आपल्यात घेतलं आणि त्यानं तिथे वर्षभर काढलं. मे १८५९ मध्ये तो परतला तो खबर घेऊनच, की अंदमानी लोक वसाहतीवर चालून येत आहेत. ॲबर्डीनची लढाई ती हीच. १८६० साली त्याला माफी मिळाली.

त्याची हकीकत आज आपल्याला वाचायला मिळते ती एम. व्ही. पोर्टमन या अधिकाऱ्यानं १८९९ च्या आपल्या इतिहासात छापली म्हणून. मुळात ती वसाहतीचा अधीक्षक जे. पी. वॉकर याच्यासमोर सांगितलेली. पळून पुन्हा हाती लागलेल्या ऐंशीहून अधिक कैद्यांना फासावर चढवणारा वॉकर तो हाच. आता या जबाबाला आत्मकथन म्हणायचं का? मला ते जमत नाही. पळालेला माणूस परत येऊन बोलतो आहे, ऐकणाऱ्याच्या हाती दोर आहे. जगण्यासाठी काय सांगायला हवं, हे त्याला नीट कळलेलं असणार. मग तो अंदमानी लोकांचं खाणं, लग्नं, नाच, रीतीभाती सांगतो. साहेबाला हव्या असलेल्या गोष्टी. झेलममधलं बंड, घरची माणसं, बेड्या घालून केलेला प्रवास, यांतलं जवळजवळ काहीच नाही. शिवाय तो बोलला हिंदुस्थानीत आणि आपल्यापर्यंत पोचलं ते इंग्रजी.

क्लेअर अँडरसन यांनी 'सबाल्टर्न लाइव्ह्ज' (२०१२) या पुस्तकात अशाच तुकड्यांतून चरित्रं उभी केली आहेत. त्यांच्या वाटेनं जाताना एक मोह टाळावा लागतो: तुकड्यांमधली जागा आपल्या कल्पनेनं बुजवण्याचा. तिवारीच्या बाबतीत हा मोह दोन टोकांना नेतो. वसाहतीच्या कागदांत तो उपयोगी पडलेला कैदी, अलीकडच्या सांगण्यात तो गद्दार. पोर्ट ब्लेअरमध्ये लढाईत पडलेल्या अंदमानी लोकांचं स्मारक आहे. त्याच्यासमोर उभं राहून दुसरा निवाडा सहज पटतो. पण एक वर्ष ज्यांच्यात जगला त्यांना सोडताना त्याला काय वाटलं, याबद्दल जबाब गप्प आहे, आणि वॉकरनं तसं काही विचारलं असेल असंही वाटत नाही. फाशी देणाऱ्याकडे तो स्वतःच्या पायांनी चालत आला, एवढंच हाती लागतं.

मला अडवतात ती दोन नावं. लिपा आणि जिगा. जंगलात त्याला दिलेल्या या दोन बायका. इंग्रजी वर्णनात त्या रीतिरिवाजाचा नमुना म्हणून येतात: अमक्याची मुलगी, याला दिली. तरीही नावं उरली आहेत, म्हणजे तिवारीनं ती उच्चारली असणार आणि लेखनिकानं ऐकून कशीतरी इंग्रजी अक्षरांत बसवली असणार. सगळ्या जबाबात साहेबाला ज्याची गरज नव्हती असं बहुधा एवढंच.