दम खाणारं इंजिन

मोटारींची परीक्षणं मी नाटकांच्या परीक्षणांइतक्याच भक्तिभावानं वाचतो. दोन्हींत नेपथ्यावर चार परिच्छेद असतात आणि नायकाचं काय झालं ते एका ओळीत उरकलेलं असतं. एखाद्या स्पोर्ट्स कारचंच घ्या. सीटचं कातडं, डॅशबोर्ड, रंग, सगळं कसं तब्येतीत! मग शेवटून दुसरं वाक्य : 'झटपट गिअर बदलताना इंजिन किंचित अडखळते.' किंचित! 'समेवर येताना बुवा किंचित अडखळले' असं लिहून कुणी बैठकीच्या सतरंजीकडे वळला असता, तर रसिकांनी त्याला तिच्यातच गुंडाळला असता.

यावर बोलायचा आम्हां नगरकरांना अधिकार आहे. (आता अहिल्यानगरकर म्हणायचं; पण जिभेचा गिअर लवकर बदलत नाही.) आमच्याकडे रणगाडे चालवायला शिकवणारी लष्कराची शाळा आहे, वाहनांना पळवून पळवून पारखणारी व्हीआरडीई आहे, आणि १९७२ साली आलेली लुना तर आमच्या घरचीच. तिला गिअरच नव्हते, त्यामुळे अडखळण्याचा आळ तिच्यावर कधी आला नाही. चढावर थकली तर आपण पायडल मारायचं. सहकाराचा जिल्हा म्हणतात तो उगीच नव्हे!

आता इंजिन अडखळतं का? जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत एकदम ॲक्सिलरेटर दाबला, की हवा धावत आत शिरते आणि जड पेट्रोल मागे राहतं. पंगतीत पाहुणे धडाधड बसले आणि वाढपी अजून मुदपाकखान्यातच! ही वेळ निभवायला कार्बोरेटरात एक छोटा पंप पेट्रोलची जादा पिचकारी मारतो. त्याचा रबरी पडदा फाटला, की संपलं. टर्बो गाडीची तऱ्हा निराळी. तिचा पंखा धुरांड्याकडे जाणाऱ्या वायूवर फिरतो. गिअर बदलताना पाय उचलला की मंदावतो, आणि मंदावलेलं जातं पुन्हा गरगरायला वेळ घेतं. दिलीप छाब्रियांची अवंती २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात अवतरली, तिलाही दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि हातानं बदलायचे गिअर होते. लोकांनी कौतुक केलं ते तिच्या रूपाचं.

पण हा 'किंचित' म्हणजे किती? ताशी ८० किलोमीटरच्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी ११ मीटर जाते. गळीत हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर या. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागचा दिवा नाही, समोरून येस्टी. तुम्ही उजवीकडे गाडी घातलीत, तिसऱ्यातून चौथा टाकलात आणि इंजिन 'किंचित' विचारात पडलं! त्या ११ मीटरांत माणसाचा संसार असतो. हे ज्या परीक्षणात नाही, त्यात कातड्याची शिवण कितीही सुबक असो, मला ते अपुरंच वाटतं.

याउलट आमच्याकडचा कुठलाही मेकॅनिक घ्या. बॉनेटला हात लावायच्या आधी तो विचारतो, "थंडीत दम खाते का गरम झाल्यावर? चढाला का सपाटीला? पाय एकदम दाबल्यावर का हळू दाबल्यावरबी? फिल्टर कधी बदलला व्हता?" आणि मग स्वतः गाडी घेऊन मोकळ्या रस्त्याला जातो.

परीक्षण, परीक्षण म्हणतात ते हेच. फक्त त्याला छापायला कुणी सांगत नाही.