कथाकाराचे चित्रगीत : जयंत कायकिणी

कथाकार चित्रपटगीतांकडे वळला की त्याची वाङ्मयीन उतरण सुरू झाली, असे मानण्याचा प्रघात आहे. ग. दि. माडगूळकरांना ‘गीतकार’ या कप्प्यात बसवताना मराठी समीक्षेने तेच केले. कन्नडमधील जयंत कायकिणी (जन्म १९५५) यांच्या संदर्भात हा निकष तपासण्याजोगा आहे. गोकर्णाचे, कोकणी मातृभाषेचे कायकिणी दीर्घकाळ मुंबईत औषधनिर्मिती उद्योगात होते. त्यांच्या कथांतील मुंबई याच वास्तव्यातून आली. ‘मुंगारु मळे’ (२००६) या योगराज भट्ट यांच्या चित्रपटाने मात्र त्यांचे नाव वाङ्मयीन वर्तुळाबाहेर, जयनगर-बसवनगुडीच्या जुन्या कन्नड वस्तीपासून महाविद्यालयीन तरुणांपर्यंत नेले.

मनो मूर्ती यांनी स्वरबद्ध केलेले, सोनू निगम यांनी गायिलेले त्यातील प्रेमगीत ‘अनिसु’ या क्रियापदाच्या रूपाने उघडते. मराठी ‘वाटणे’प्रमाणेच येथे अनुभवणारा चतुर्थीत जातो, इंग्रजी अनुवादात मात्र ‘मी’ पुढे सरतो आणि गीताचा संकोच हरवतो. प्रियकर येथे प्रेमाचा दावा करीत नाही. ते त्याला केवळ जाणवते, तेही साशंकपणे. कायकिणींच्या कथांतील मुंबईकरही आपल्या दुःखावर असाच हक्क सांगत नाहीत. चालीच्या मोजक्या मात्रांत कथाकाराचा हा स्वभाव टिकला. पुढील काही गीतांत तोच संकोच सवयीचा झाला, हेही खरे. पण त्या घसरणीचे खापर लोकप्रियतेवर फोडता येत नाही, कारण पहिले गीतही तितकेच लोकप्रिय होते.